खताच्या पोत्यांनी खाल्लेली हेरॉल्ड: मूळ रंग वाचवून केलेल्या रिस्टोरेशनचं प्रकरण

गाडी स्टँडर्ड हेरॉल्ड, दोन दरवाजांची, ९४८ सीसी, रंग हलका निळा. मालक माझा मावसभाऊ, गाव वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात. प्रश्न म्हटला तर एकच होता, सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडून गाडी नव्याने रंगवायची की आहे तोच रंग पॉलिश करून वाचवायचा. मी वर्ध्यात पॉलिश अन टचअपचंच काम करतो, म्हणून दादानं मला बोलावलं. हे प्रकरण पूर्ण लिहून काढतोय कारण आपल्याकडे अशा गाड्या वाड्यात, कोठ्यात, तुराट्यांच्या आड उभ्या असतात अन मालकाला जो भेटतो तो सांगतो की खरवडून टाका, पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारा, चकाचक होते. होते चकाचक. पण त्यात काय जातं ते कोणी सांगत नाही.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्रायम्फ हेरॉल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली, डिझाईन इटलीच्या जोवानी मिकेलोत्तीचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे १९६१ पासून स्टँडर्ड हेरॉल्ड नावानं बनवली. ट्रायम्फची स्पिटफायर ही जी स्पोर्ट्स कार १९६२ ला आली तिची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, हेरॉल्डचीच, आखूड केलेली, त्यामुळे हेरॉल्डवर काम करणाऱ्याला स्पिटफायरवाल्यांनी शिकलेलं पुष्कळसं जसंच्या तसं लागू पडतं. त्या काळात बहुतेक गाड्या एकसंध बॉडीच्या व्हायला लागल्या होत्या, पण हिची चेसिस वेगळी, बॉडी वेगवेगळ्या भागांत, सगळी नटबोल्टवर. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं अन अख्खं इंजिन, पुढचं सस्पेन्शन उघडं पडतं, चाकावर बसून काम करता येतं. वळते तर इतक्या कमी जागेत, जवळजवळ २५ फुटांत, की आमच्या गावच्या चौकात एका दमात फिरते. घरी रिस्टोअर करायला एवढी सोयीची गाडी मी तरी पाहिली नाही.

ही गाडी दादाच्या आबाजींची. ते गेल्यावर काही वर्षं चालली, मग कोठ्यात लागली ती लागली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर सरकीची ढेप, बाजूला खताची पोती. बाहेर ओढली तेव्हा छप्पर अन बॉनेट पांढरट, हात फिरवला की बोटाला खडूसारखी भुकटी लागत होती. डाव्या बाजूला दरवाजा अन मडगार्ड यांच्या खालच्या कडेला फोड आलेले, काही फुटलेले, खालच्या पट्टीत तर स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आत जात होता. उजवी बाजू मात्र जवळपास शाबूत. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं ते वेगळं.

दादा एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये फोटो दाखवून आला होता. त्यांनी फोटोवरूनच सांगितलं की रंग मेला आहे, जंग सगळीकडे पसरली असणार, बेअर मेटल करा, म्हणजे नुसता पत्रा उरेपर्यंत खरवडा, अन लाल मेटॅलिक मारा. गाडी न पाहता असं सांगणं मला तरी पटत नाही. दादा म्हणे, "अरे, एवढा पैसा लावून राहिलो तं गाडी नवी दिसली पायजे का नाही?" मी म्हटलं, "दादा, आधी मले पाहू द्या ती मेली का फक्त मळली. अन जंग एकाच बाजूनं काऊन आली तेही पाहू. मग तुमी म्हणान तसं."

त्या दुसऱ्या प्रश्नानं पूर्ण प्रकरण उलगडलं, म्हणून तो आधी सांगतो.

विदर्भाची हवा पावसाळा सोडला तर कोरडी. इंग्लंडमध्ये हेरॉल्ड सडतात त्याचं मोठं कारण हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, ते खालून चेसिसच्या आडव्या हातांत (बाजूला निघालेल्या, बॉडी पेलणाऱ्या फांद्यांत), फ्लोअरमध्ये जाऊन बसतं. आपल्याकडे कुठलं आलं रस्त्यावर मीठ. मग गाडीची एक बाजू शाबूत अन दुसरी चाळणी, हे कसं? कोठ्यात जाऊन जमीन पाहिली तर जिथं डावी बाजू होती तिथं जमिनीवर गुलाबी-पांढरा थर होता. पोटॅशची पोती. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच चुलतभाऊ, अन तो हवेतलं पाणी ओढतो. पोतं फाटलं, पावसाळ्यात ओल धरली, खारं पाणी पत्र्याला लागून झिरपत राहिलं, वर्षानुवर्षं. जे मीठ तिकडे रस्त्यानं येतं ते इथं पोत्यातून आलं होतं. उजवी बाजू भिंतीकडे होती, तिला काही लागलंच नाही.

हे कळल्याचा उपयोग काय तर दोन गोष्टी ठरल्या. एक, जंग पूर्ण गाडीभर नाही, तर पूर्ण गाडी खरवडायचं कारणच उरत नाही. दोन, डाव्या बाजूला नुसतं घासून प्रायमर मारला तर एका पावसाळ्यात परत फोड येणार, कारण क्लोराईड जंगाच्या बारीक खड्ड्यांत अडकून बसतं अन रंगाच्या खालून ओल ओढत राहतं. खूप लोकांचं काम इथंच फसतं अन दोष रंगाला देतात.

आता पहिला प्रश्न, रंग जिवंत आहे की नाही. त्या काळच्या गाड्यांवर आजच्यासारखा वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसायचा, रंग म्हणजेच शेवटचा थर. ऊन लागून लागून वरच्या पातळ थरातला बाईंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा भाग) मरतो, रंगद्रव्याची भुकटी सुटी होते, तीच बोटाला लागते. खालचा थर बऱ्याचदा धडधाकट असतो. तपासायला छपराच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर जागा घेतली, चारी बाजूनं टेप लावला, पांढऱ्या मऊ कापडावर थोडं बारीक पॉलिश घेऊन हातानंच फिरवलं. कापड निळं झालं, म्हणजे सिंगल स्टेज रंग, क्लिअर नाही. अन टेपच्या आतला तुकडा असा उठला की दादा जवळ येऊन वाकून पाहत राहिला. टेप काढल्यावर बाहेर राख अन आत तो निळा, कड एकदम सरळ. तिथून पुढं लाल मेटॅलिकचं नाव त्यानं काढलं नाही.

पण एक तुकडा चमकला म्हणून पूर्ण गाडीवर मशीन फिरवू नये. पॉलिश म्हणजे रंग घासून कमी करणंच आहे, दुसरं काही नाही. म्हणून जाडी मोजायचं मीटर आणलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; साधा लिहायचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो, तर आपल्याला काम करायला अख्ख्या रंगाची जाडी तेवढीच. छपरावर शंभरच्या आसपास, उजव्या दरवाजावर थोडं जास्त, बॉनेटच्या वरच्या कडेला अन हेडलाईटच्या वरच्या भुवईवर मात्र साठच्या घरात, म्हणजे त्या काळी कोणीतरी तिथं जोर लावून पुसत आलेलं, ड्रायव्हर असेल. डाव्या मागच्या मडगार्डवर चारशेच्या वर, म्हणजे आत पुट्टी, आधी कधीतरी ठोकलेली. हे आकडे खडूनं त्या त्या पत्र्यावरच लिहून ठेवले, वहीत लिहिलं की कामाच्या वेळी वही सापडत नाही.

मग ठरलं असं: छप्पर, बॉनेट, डिकी, उजवी बाजू मूळ रंगात. डावी बाजू उघडून पत्र्याचं काम अन त्याच रंगात नवीन.

रंगाला हात लावायच्या आधी मेकॅनिकल उरकलं. हा क्रम मी कोणालाही सांगेन, कारण ब्रेक ऑइलचा एक थेंब रंगावर पडला तर रंग सोलून निघतो. इंजिन जाम नव्हतं, प्लगच्या भोकातून तेल सोडून काही दिवस ठेवलं अन पुलीला पाना लावून हातानं फिरवलं तर फिरलं. टाकी काढून धुतली, आतलं जुनं पेट्रोल लाखेसारखं झालेलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं अन जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पाईप अन फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा टाकला. ब्रेकचे रबर सगळे नवे. वायरिंग नवं ओढलं.

एक गोष्ट मात्र थांबून सांगायची आहे कारण ती जिवाशी आहे. हेरॉल्डच्या पुढच्या चाकाच्या खाली ट्रनियन असतो, पितळेसारख्या धातूचा आटे पाडलेला ठोकळा, त्यात चाकाची उभी दांडी आट्यांवर बसलेली असते अन स्टेअरिंग फिरवलं की त्याच आट्यांत फिरते. त्याला ग्रीस नाही, तेल लागतं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल. आपल्या गावात ग्रीस गन प्रत्येकाकडे, निप्पल दिसलं की भर ग्रीस, ट्रॅक्टरला तसंच करतो आपण. इथं ग्रीस आट्यांच्या आतपर्यंत पोचत नाही, वाळून दगड होतं, मग पाणी शिरतं, दांडी आट्यांत गंजते अन एक दिवस वळणावर तुटून चाक मडगार्डाखाली दुमडतं. ह्या गाडीत काळं, कडक ग्रीस निघालं, काडीनं कोरून काढावं लागलं. दांड्या सुदैवानं बऱ्या होत्या, केरोसीननं धुऊन, आटे तपासून, तेल भरून बसवल्या. डाव्या-उजव्याचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल करायला जाऊ नका. नव्वद नंबरचं ऑइल तर प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या घरी पडलेलंच असतं, वेगळं आणावंही लागलं नाही.

पत्र्याचं काम. हेरॉल्डची दरवाजाखालची पट्टी बोल्टवर असते, ती खोलून बाजूला ठेवली अन मागं चेसिसचे आडवे हात उघडे पडले. दोन खाल्लेले होते. गावात ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारा भाऊ आहे, हात चांगला, पण त्याची आर्क मशीन जाड लोखंडाची, एवढ्या पातळ पत्र्याला भोक पाडते. तो स्वतःच म्हणाला, "भाऊ, हे माह्या मशीनचं काम नोहे, मिग आणा." वर्ध्याहून मिग, म्हणजे पातळ पत्र्याला चालणारी तारेची वेल्डिंग मशीन, आणली, वेल्डिंग त्यानंच केलं, एका जागी सलग न ओढता इथं एक टाका, तिथं एक टाका, पत्रा तापून वाकू नये म्हणून. तुकडे मूळ आकाराचेच कापले. वेल्डिंगच्या आधी अन नंतरही तो भाग साध्या पाण्यानं धुतला, वाळवला, परत धुतला. पाण्यासाठी पण आरओचं पाणी आणलं, आमच्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड की धुतल्यावर पांढरे डाग सोडतं. लोक हसत होते की जंगलेल्या पत्र्याला पाण्यानं काय धुऊन राहिला, पण क्लोराईड पाण्यात विरघळतं, नुसतं घासून निघत नाही. मग उरलेली जंग निष्क्रिय करणारा फॉस्फोरिक ॲसिडवाला रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर.

रंग कोणता मारायचा यावर दादाशी परत बसावं लागलं. पीयू टिकतो जास्त, खरं आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते श्वासात गेलं तर दमा लागतो, साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या अंगणात, जिथं लेकरं फिरतात, तिथं मी ते मारणार नाही हे स्पष्ट सांगितलं. शिवाय जुन्या रंगाशेजारी पीयूची काचेसारखी चमक वेगळी पडते. म्हणून एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, पातळ पातळ कोट. एनसीला मोसम पाहावा लागतो. पावसाळ्यात मारला तर हवेतली ओल धरून पांढरा पडतो, अन आमच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ च्या पुढं जातो, थिनर गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच उडून जातो, रंग खरखरीत बसतो. दिवाळी झाली की ते माघ महिन्यापर्यंत, एवढाच काळ कामाचा.

रंग जुळवताना पेंटर काकांनी नमुना मागितला तर मी आधी पॉलिश केलेला उजवा दरवाजा दाखवला. राखाडलेल्या पत्र्यावरून रंग जुळवला तर नवी बाजू फिकट येते अन मग जुनी बाजू पॉलिश केली की फरक डोळ्यात खुपतो. काकांनी कार्डावर मारून, पूर्ण वाळवून, सकाळच्या उन्हात अन सावलीत दोन्हीकडे लावून पाहिलं, थेंब थेंब काळा घालत, पिवळा घालत. डोळ्यानं. काँप्युटर नाही काही नाही. हेरॉल्डची बॉडी जोडांजोडांची असल्यानं नवीन रंग जोडाला येऊन थांबतो, एकाच पत्र्यावर जुना-नवा मिसळायची वेळ येत नाही, त्याचा इथं मोठा फायदा झाला.

आता पॉलिश, माझं काम. कापसाची वेचणी चालू होती, हवेत तंतू अन धूळ, म्हणून सकाळी अंगणात पाण्याचा सडा घालायचा, दव पूर्ण वाळू द्यायचं अन ऊन चढायच्या आत काम आटपायचं. पत्रा हाताला गरम लागला की थांबायचं, पॉलिश जागेवर वाळून ओरखडे पाडतं. आधी तेलकट ग्लेझ (न घासणारं, मलमासारखं पॉलिश) भरपूर लावून, हातानं चोळून, रात्रभर तसंच ठेवलं. कोरडा पडलेला सिंगल स्टेज रंग ते तेल पितो, भुकटी घट्ट धरते अन मग मशीनला कमी घासावं लागतं. सकाळी पुसलं तेव्हाच छप्पर अर्धं जागं झालं होतं. मग ड्युअल ॲक्शन मशीन (फिरता फिरता डोलणारं, म्हणून कमी तापवणारं), मऊ फोम, सगळ्यात बारीक पॉलिश. लोकरीचं बफ लावलेलं रोटरी मशीन जोरात चालतं म्हणून पेंटरांना आवडतं, पण ते एका जागी तापवतं अन कडेचा रंग क्षणात उडवतं, साठ मायक्रॉनवर तर विषयच सोडा. सगळ्या कडा, जोड, हेडलाईटच्या भुवया टेपनं झाकल्या अन त्या नंतर फक्त हातानं, दोन बोटांवर कापड गुंडाळून. फोम निळा होत होता, तो सारखा धुवायचा, नाहीतर सुटलेला रंगच परत घासल्या जातो. जुन्या लुगड्याचं कापड मऊ असतं म्हणून मावशीनं आणून दिलं होतं, पण त्याच्या काठाची शिवण ओरखडा पाडते, म्हणून ते फक्त चाकांना वापरलं.

पॉलिशनंतर परत मीटर लावलं. छपरावर चार-पाच मायक्रॉन गेले होते. एवढ्यातच जिथं निळं आरशासारखं दिसतं तिथं अजून घासायचं नाही, बारीक ओरखडे राहिले तर राहू द्यायचे. वरून साधं कार्नौबा मेण, झाडाच्या पानापासून निघणारं. सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे वरून कडक टिकाऊ थर देण्याबद्दल, दादानं विचारलं होतं, पण ते काढायची वेळ आली की परत घासावं लागतं अन इथं घासायला शिल्लक फार नाही. मेण दर काही महिन्यांनी परत लावता येतं, घरचं माणूस लावू शकतं.

क्रोमला ॲल्युमिनियमची फॉईल पाण्यात बुडवून घासली, वरवरची जंग निघाली. खड्डे पडलेत तिथं ते तसेच आहेत, ते घासून जात नसतात.

बॉनेटच्या पुढच्या कडेला बोटभर जागेत प्रायमर दिसतो. दादाला ते खटकतं, आलेल्या पाहुण्याला तेच आधी दाखवतो. मी तिथं हात लावू दिला नाही. तो रंग त्या ड्रायव्हरच्या पुसण्यानं गेला आहे, त्याच्यावर रंगाचा ठिपका ठेवला की भोवतालचा साठ वर्षांचा निळा डाग वाटायला लागेल. मावशी माझ्या बाजूनं आहे.

कागदाचं काम चालू आहे. जुलै २०२१ ला केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची, मूळ स्वरूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, नोंदणी १० वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५ हजार, नंबरात व्हीए अक्षरं येतात. रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. रंग बदलला तर नाकारतील असं नियमात नाही, हे दादाला मी आधीच सांगितलं होतं, मूळ रंग आपण त्याच्यासाठी ठेवला नाही. पण चेसिसचे तुकडे मूळ आकारात बसवले, इंजिन तेच ९४८ ठेवलं, त्याचा तिथं उपयोग होईल, अन वेल्डिंगच्या आधीचे-नंतरचे फोटो फाईलला जोडले आहेत.

पोटॅश आता दुसऱ्या कोठ्यात असतं. गाडीखालची खार धरलेली माती उकरून फेकली, मुरूम टाकला, वर सिमेंटचा थर. पावसाळ्यात प्लास्टिकची ताडपत्री घालायची नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आतली ओल बाहेर निघत नाही, सुती कव्हर शिवून घेतलं. डाव्या पट्टीचे खालचे बोल्ट मी मुद्दाम घट्ट दाबून सील केले नाहीत, पोळ्याच्या सुमारास पट्टी खोलून आडव्या हातांवर फोड आले का ते पाहायचं ठरलंय.